‘देवघरात नको, आई’

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ६१. माहेरी-सासरी दोन्हीकडे वारकरी वळण, गळ्यात माळ, गेली ३५ वर्षं रोज संध्याकाळी हरिपाठ. सात वर्षांपूर्वी मुलाने वसईच्या कॅथलिक मुलीशी लग्न केलं. आधी रजिस्टर, मग चर्चमध्ये छोटा विधी. कोणीही धर्म बदलला नाही. सून गुणी आहे, घर माळकरी म्हणून ती घरात मासळी आणत नाही. नातू सहा वर्षांचा. आजोळी गेला की तिकडची बोली बोलतो, घरी आला की इकडची.

गेल्या नाताळात ताईंनी हौसेने येशूची तसबीर आणली आणि सुनेला म्हणाल्या, ‘आपल्या देवघरात ठेवू, देव काय सगळे एकच.’ सून हळूच म्हणाली, ‘देवघरात नको, आई.’ तसबीर अजून कपाटात आहे. पुढे गणपतीत आरती संपल्यावर नातवाने हात जोडले आणि लगेच कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस केला. भरल्या घरात नणंद म्हणाल्या, ‘पोराला धड एक देव तरी द्या.’ सुनेच्या माहेरून येणारी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, एकादशीला खाता म्हणूनही त्यांनी टोकलं. यजमानांचं म्हणणं, जाऊ दे ना. ताई विचारतात: ‘आम्ही एवढं मोठं मन केलं, तरी तिने नाकारलं. नातू ना इकडचा ना तिकडचा असा होईल का? हरिपाठाला बसले की हेच डोक्यात फिरतं. माझी साधना बिघडली का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मासळीच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती लिहून लगेच पुढच्या विषयाकडे वळलात. वसईची मुलगी आहे ती. बोंबील, कोळंबी, सुकट यांच्या वासात लहानाची मोठी झालेली. सात वर्षांत तिने तुमच्या ओट्यावर मासा ठेवला नाही, आणि त्याबद्दल कधी बोलून दाखवलं असं तुमच्या पत्रात कुठे नाही. तुम्ही मोठं मन केलंत हे खरंच आहे, त्यात मला काही खोट दिसत नाही. पण त्या घरात तसं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, एवढं आधी सांगावंसं वाटलं.

आता तसबिरीचं. देवघरात जागा देणं हा तुमच्या लेखी सगळ्यात मोठा मान. तिथला एकेक देव कुठल्या ना कुठल्या वाटेने आलेला असतो. कुलदैवतांचे टाक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, विठ्ठल-रखुमाई पंढरपूरहून आणलेले, अन्नपूर्णा नि बाळकृष्ण तुम्ही स्वतः लग्नात माहेराहून घेऊन आलेल्या. सून आली ती अन्नपूर्णेशिवाय. ती रिकामी जागा तुम्हाला इतकी वर्षं कुठेतरी जाणवत असेल, आणि येशूच्या तसबिरीने ती भरून निघेल असं वाटलं असेल. तसं असेल तर त्यात माया होती. माया परत आली की लागतंच.

पण तिच्या बाजूने बघा. ख्रिस्ती मुलांकडून धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा पाठ करून घेतात. त्यातली पहिलीच अशी, की माझ्याखेरीज तुला दुसरा देव नसावा. तुमच्या देवघरात येशू बसला की तुमच्या दृष्टीने त्याचा मान वाढला. तिच्या दृष्टीने तो अनेकांतला एक झाला.

जरा उलट करून पाहू. समजा, वसईच्या घरी विहीणबाईंनी त्यांच्या अल्तारावर, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर, विठोबाची मूर्ती ठेवली आणि प्रेमाने म्हणाल्या, ‘तुमचे विठोबा आमच्या संतांसारखेच हो, असू दे त्यांच्या ओळीत.’ हेतू अगदी निर्मळ. तरी तुमच्या पोटात कालवलं असतं. विटेवरचं परब्रह्म, आणि संतांच्या ओळीत? तुम्हीही कदाचित हळूच ‘नको’ म्हणाला असतात. सुनेने वाद घातला नाही, नवऱ्याला मध्ये घातलं नाही, तसबीर हातात घेऊन मागून गुपचूप कुठे ठेवून दिली नाही. मनात होतं ते तोंडावर सांगितलं, आणि वाक्याच्या शेवटी ‘आई’ म्हणाली.

‘सगळे देव एकच’ हे आपण फार सहज बोलतो. माझाही त्यावर विश्वास आहे. पण ते आपलं उत्तर आहे, आपल्या परंपरेने आपल्याला दिलेलं. तिलाही ते पटलेलंच असणार असं धरून चाललो, तर तिचा धर्म काय सांगतो ते ऐकायच्या आधीच आपण त्याचा अर्थ लावून मोकळे होतो.

नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. ती मुळात पोर्तुगीज चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या, वाईजवळ मेणवलीलाही एक आहे. मला तिचा नाद फार आवडतो. पण ती विचारून आणलेली नाही, हे विसरून मी तिला दोन धर्मांच्या मैत्रीची खूण म्हणणार नाही. तुमच्या सुनेचं माहेर त्याच वसईचं, म्हणून ही घंटा आठवली.

मैत्री कशी असते ते मी माझ्या आईकडे पाहिलं. आम्ही गिरगावात राहायचो. खोताच्या वाडीतल्या एक ख्रिस्ती बाई आईच्या मैत्रीण होत्या, शिवणकाम करायच्या. आईच्या मांडीचं हाड मोडलं आणि ती काही महिने पलंगावर होती, तेव्हा त्या रोज संध्याकाळी येऊन बसत. एकदा आईची जपाची माळ तुटली आणि तुळशीचे मणी खोलीभर गडगडले. आईला उठता येईना. बाई गुडघ्यांवर बसल्या, पलंगाखाली हात घालून एकेक मणी वेचला, ताटलीत टाकून मोजले. १०७ भरले. एकशे आठवा कपाटाच्या पायाशी सापडला. मग पिशवीतून जाड दोरा काढून त्या ओवायला बसल्या, दर मण्यामागे एक गाठ. ओठ हलत होते. आईने विचारलं, ‘काय म्हणताय?’ त्या म्हणाल्या, ‘मारियेची प्रार्थना. रोझरीची सवय आहे हाताला, मणी आला की तोंडात येतंच.’ आई हसली. ‘म्हणजे माझी माळ ओवतानाच जपून झाली.’ काकू म्हणाली, माळ गंगाजलात बुडवून घे. आईने नाही बुडवली. शेवटपर्यंत तीच माळ वापरली.

पण त्याहून मला एक वेगळीच गोष्ट आठवते. आईचं दुखणं सुरू व्हायच्या आधीपासूनची. त्या बाई आरतीच्या वेळी आल्या तर आत येत नसत. चप्पल काढून गॅलरीत, चौकटीपाशी उभ्या राहायच्या. आई त्यांना ‘आत या’ म्हणायची नाही, आरतीचं तबक त्यांच्यापुढे फिरवायची नाही. आरती संपली की दार पूर्ण उघडायची आणि चहाचं आधण ठेवायची. मला त्या वयात हे तुटक वाटायचं. बोलावलं असतं तर त्यांना भिडेखातर आत यावं लागलं असतं. आई ती वेळ त्यांच्यावर येऊ देत नव्हती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तुम्ही रोज म्हणता त्या हरिपाठाचा पहिला अभंगही देवाच्या दारात क्षणभर उभं राहायलाच सांगतो.

तेव्हा ती तसबीर कपाटातून काढा. सणावारी नको, एखाद्या साध्या दिवशी, दोघीच घरात असताना तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘ही तुझ्यासाठी आणली होती. कुठे लावायची ते तू ठरव.’ पुष्कळ कॅथलिक घरांत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीवर असते आणि खाली बारीकसा दिवा जळत असतो. तिला तिच्या खोलीत तसं करायचं असेल आणि सात वर्षं संकोचाने ती बोलली नसेल, असंही असू शकेल. ‘आता नको’ म्हणाली तर तेही ऐकून घ्या. पुन्हा विषय काढू नका.

नातवाकडे येते. सहा वर्षांचं मूल हात जोडून क्रूस करतं तेव्हा ते गोंधळलेलं असतं असं मला वाटत नाही. प्रार्थना संपली की आई काय करते ते त्याने पाहिलंय, आजी काय करते तेही पाहिलंय, आणि दोघी त्याच्या लाडक्या आहेत. वसईची सामवेदी बोली तिथले सामवेदी ब्राह्मणही बोलतात आणि कुपारी ख्रिस्तीही. तुमच्या नातवाच्या जिभेवर ती बोली असो की वसईची दुसरी एखादी, ती नि तुमची मराठी दोन्ही सुखाने नांदतात. त्याला धड एक भाषा द्या, असं कुणी म्हणत नाही.

मात्र धर्म म्हणजे फक्त बोली नाही, हे मला कळतं. आज ना उद्या तो विचारील, ‘आजी, येशू खरा की विठोबा खरा?’ तेव्हा ‘सगळं एकच रे बाळा’ म्हणून सुटका करून घेऊ नका. त्याला दिसतंय की एक क्रूसावर आहे आणि एक विटेवर. त्याला सांगा, ‘मी विठोबाला मानते. का ते सांगते, ये बस. आई येशूची प्रार्थना करते. का करते ते आईला विचार, ती छान सांगेल.’ ‘आजीचा देव’, ‘आईचा देव’ अशी वाटणी करू नका, कारण मग एके दिवशी त्याला आजी आणि आईतूनही निवड करावी लागेल. आणि आरतीनंतर त्याने क्रूस केला तर हात धरू नका, कौतुकाने चारचौघांत पुन्हा करूनही दाखवायला लावू नका.

त्याला कोणत्या धर्मात वाढवायचं हा प्रश्न तुमचा नाही, त्याच्या आईबापांचा आहे. हे टोचेल, तरी सांगते. पण त्यांनी काय ठरवलंय ते कळण्याचा हक्क आजीला नक्की आहे. इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. कॅथलिक व्यक्तीला बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी चर्चच्या नियमाने लग्न करायचं असेल तर चर्चकडून खास परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी कॅथलिक जोडीदार वचन देतो, की मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी मी माझ्याकडून होईल तेवढं करीन. दुसऱ्या जोडीदाराकडून असं वचन घेत नाहीत, पण त्याला याची पूर्ण कल्पना द्यावी लागते. तेव्हा तुमच्या मुलाला हे लग्नाआधीच ठाऊक असणार. तुम्हाला कोणी सांगितलं नसावं, पत्रावरून तसंच वाटतं. मुलाला बाजूला घेऊन सरळ विचारा, ‘बाळाबद्दल तुमचं काय ठरलंय?’ आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. कॅथलिक मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, साधारण आठ-नऊ वर्षांच्या सुमारास असतं. म्हणजे दोन-तीन वर्षांत हा विषय घरात येणारच. तो पाहुण्यांसमोर फुटण्यापेक्षा आताच घरात बोललेला बरा. नातू चर्चचा झाला तर तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मुलाला तेही सांगा, फक्त ते त्याच्यावर ओझं म्हणून टाकू नका.

नणंदेला खलनायिका करू नका. त्यांच्या बोलण्यामागे जुनी भीती असेल. गोव्यात देवळं पाडली गेली, १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आलं, लोक आपले देव उचलून फोंड्याकडे निघून गेले. मंगेशीचा देव असाच कुशस्थळीहून तिथे आला. हे घडलेलं आहे. त्याच गोव्यात राचोलला १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने आपल्या ओवी छंदात ख्रिस्ताचं पुराण छापलं आणि मराठीचं कौतुक करताना त्याचे शब्द थांबेनात. हेही घडलेलं आहे. दोन्ही ध्यानात ठेवूनसुद्धा, १५६० सालचा हिशेब डोंबिवलीतल्या सहा वर्षांच्या पोराकडे मागता येत नाही. नणंद पुन्हा बोलल्या तर सांगा, ‘वन्सं, तुमची काळजी मला कळते. त्याचं त्याचे आईबाबा बघतायत. पण त्याच्यासमोर असं बोलू नका.’ हे वाक्य यजमानांनी म्हटलं तर जास्त बरं, बहीण त्यांची आहे. ‘जाऊ दे ना’ म्हणणाऱ्यांनीही घरात एकदा तरी तोंड उघडावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला तो सगळ्यात जवळचा वाटला. ३५ वर्षांत हरिपाठ इतका अंगवळणी पडलाय की जीभ आपली आपण चालते आणि मन मोकळं सुटतं. सून यायच्या आधीही ते सुटत असणार. तेव्हा गॅसवरच्या दुधाकडे जात असेल, मुलाच्या परीक्षेकडे जात असेल. आता तिच्याकडे जातं, इतकंच. साधना बिघडलेली नाही. तुमच्या मनात काय सलतंय ते तुम्हाला रोज संध्याकाळी सांगते आहे, म्हणजे ती चांगलीच चालू आहे.

एक करून बघा. महिनाभर हरिपाठ पुटपुटू नका, टाळ हातात घेऊन मोठ्याने म्हणा. वारकरी हरिपाठ मुळात चारचौघांत, टाळ धरून, पावली खेळत म्हणायचा. डोंबिवलीत भजनी मंडळांना तोटा नाही, आठवड्यातून एकदा जा. आणि घरी बसलेल्या असताना सुनेचा विचार आला तर त्याच्याशी झटापट करू नका. त्या क्षणी तिच्या नावाने एकदा ‘विठ्ठल’ म्हणा आणि पुढच्या चरणाकडे जा. तिला सांगायची गरज नाही. मी काही वर्षांपूर्वी जवळच्या एका माणसाबद्दल मनात अढी घेऊन जपाला बसत असे, तेव्हा हेच करायचे. अढी गेली असं म्हणणार नाही, पण जपात तिचा पसारा कमी झाला.

तिच्या साधनेची तुम्हाला कितपत माहिती आहे? राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्यांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत पुष्कळ जण काहीतरी आवडीचं सोडतात. ती काय सोडते? सात वर्षांत तिने तो सात वेळा पाळला असेल, त्याच स्वयंपाकघरात, तुमच्या एकादशीच्या शेजारी. उपासाचं मोल एकादशी करणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. विचारा तिला. विनोबा कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले, आणि शेवटपर्यंत गीतेचेच राहिले. आपल्याला अरबी शिकायची नाही, शेजारच्या खोलीत जायचंय. वाचायची आवड असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं मराठी वाचा. तेही वसईचेच, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. कॅथलिक धर्मगुरू ज्ञानोबा-तुकोबांबद्दल किती आत्मीयतेने लिहितो ते दिसेल. सासू-सुनेने मिळून वाचलं तर बोलायला निमित्तही होईल.

एक-दोन ठिकाणी मर्यादा सांभाळा. तिच्यासोबत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलात तर कम्युनियनच्या रांगेत प्रसाद समजून उभ्या राहू नका. ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं आणि त्यांच्या लेखी ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे. जागेवर शांत बसलात तर कोणाला काही वाटत नाही. तसंच तिने तीर्थ घेतलं नाही, सत्यनारायणाला नवऱ्याशेजारी बसली नाही, तर चेहऱ्यावर दिसू देऊ नका. पूजेला तुम्ही उभयता बसा.

अशी पत्रं मला उलट्या दिशेनेही येतात. ख्रिस्ती किंवा मुसलमान घरात गेलेल्या हिंदू मुलींची, जैन सासरी गेलेल्या ख्रिस्ती मुलीचंही एकदा आलं होतं. त्यांनाही मी हेच सांगते, फक्त एक अट घालून. तुमच्या घरात सून ‘नको’ म्हणू शकली आणि तिच्यावर कोणी आवाज चढवला नाही. जिथे ‘नको’ म्हणायची सोय नाही, जिथे नाव बदल, धर्म बदल, उपास सोड, देव सोड असं दडपण आहे, तिथे हे समजुतीचे सल्ले लागू करू नका. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ खाली झालेल्या लग्नात दोघांपैकी कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. अशा वेळी विश्वासातल्या माणसाला सांगा, वकिलाला भेटा, आणि त्यात कमीपणा मानू नका.

राहिली सुकेळी. ताई, खा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, त्यात दुसरं काही घालायचं नाही. उपासाला केळं चालतं, मग ऊन खाल्लेलं केळं का चालू नये? सून माहेराहून अन्नपूर्णा घेऊन आली नाही, पण दरवेळी हे पुडकं आणते आणि तुमची एकादशी लक्षात ठेवून आणते. पुढच्या वेळी ते आलं की विहीणबाईंना स्वतः फोन करा. किती दिवस उन्हात ठेवतात, रात्री दव पडू नये म्हणून काय करतात, ते सगळं नीट विचारून घ्या. मला कळवलंत तर बरं होईल, मलाही करून बघायचीत.